प्लाझ्मा फोकस : छोट्या यंत्राचे अर्थशास्त्र



अणुसंमीलनाचा विषय निघाला की 'समुद्राच्या पाण्यातून अमर्याद ऊर्जा' हे वाक्य उत्तरपत्रिकेत हमखास लिहिले जाते. ते तत्त्वतः चुकीचे नाही. परंतु त्यातून विषयाचे आकलन होत नाही. १९५५ साली जिनिव्हा येथे अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगांविषयी भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. होमी भाभा यांनी, येत्या दोन दशकांत संमीलन ऊर्जा नियंत्रित रीतीने मुक्त करण्याची पद्धत सापडेल, असे भाकीत केले होते. त्याला सात दशके उलटली. ५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत २.०५ मेगाज्यूल लेसर ऊर्जेच्या बदल्यात ३.१५ मेगाज्यूल संमीलन ऊर्जा मिळाली. मात्र ते लेसर चालविण्यासाठी सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली होती. फ्रान्समधील ईटर प्रकल्पात भारतासह सात भागीदार असून आपला वाटा सुमारे ९ टक्के आहे. २०२४ मध्ये मांडलेल्या सुधारित वेळापत्रकानुसार तेथील ड्युटेरियम-ट्रिटियम प्रयोग २०३९ मध्ये सुरू व्हावयाचे आहेत.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून माझ्यासमोर येथे एक प्रश्न उभा राहतो. २०२०-२१ मध्ये आपल्या देशाचा संशोधन व विकासावरील खर्च स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. अशा देशातील सामान्य विद्यापीठाने एवढ्या खर्चिक क्षेत्रात पाऊल टाकावे काय? आणि टाकावयाचे तर कोणत्या साधनांनिशी? या प्रश्नाचे एक उत्तर 'प्लाझ्मा फोकस' या उपकरणाच्या इतिहासात सापडते.

हे उपकरण १९६० च्या दशकाच्या सुमारास सोव्हिएत संघात फिलिपोव्ह आणि अमेरिकेत मॅदर यांनी स्वतंत्रपणे विकसित केले. त्याची रचना सोपी आहे. एकात एक बसविलेले दोन धातूचे इलेक्ट्रोड, त्यांच्या तळाशी विसंवाहक नळी, निर्वात केलेल्या कक्षात अत्यल्प दाबाचा ड्युटेरियम वायू आणि बाहेर कपॅसिटरचा संच. कपॅसिटरमध्ये साठविलेली वीज क्षणार्धात सोडली की वायूचे आयनीकरण होऊन विद्युतप्रवाहाचा एक पातळ पडदा तयार होतो. स्वतःच्याच चुंबकीय क्षेत्राच्या रेट्याने तो सेकंदाला सुमारे १०० किलोमीटर वेगाने पुढे सरकतो आणि मधल्या इलेक्ट्रोडच्या टोकाशी पोहोचताच सर्व बाजूंनी अक्षाकडे कोसळतो. तेथे काही नॅनोसेकंदांपुरता अतिउष्ण व दाट प्लाझ्मा निर्माण होतो. ड्युटेरियमच्या काही केंद्रकांचे संमीलन होते; न्यूट्रॉन व क्ष-किरण बाहेर पडतात.

मलाया विद्यापीठातील प्राध्यापक सिंग ली यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यात संयुक्त राष्ट्र विद्यापीठ आणि त्रिएस्ते येथील आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्र यांच्या साहाय्याने या उपकरणाची एक छोटी, विकसनशील देशांना परवडणारी आवृत्ती तयार केली. तिचा कपॅसिटर ३० मायक्रोफॅरडचा, तर विद्युतदाब १५ किलोव्होल्टचा. साठविलेली ऊर्जा सुमारे ३.३ किलोज्यूल, म्हणजे एक लिटर पाण्याचे तापमान एका अंशानेही वाढणार नाही इतकी. तरीही तीच ऊर्जा काही मायक्रोसेकंदांत सोडल्याने दीड लाख अँपिअरहून अधिक प्रवाह वाहतो. भारत, पाकिस्तान, इजिप्त, नायजेरिया आदी देशांतील अभ्यासकांनी प्रशिक्षण घेऊन हे यंत्र आपापल्या विद्यापीठांत उभारले. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठात ते कार्यान्वित झाले. १९८८ मध्ये या सहकार्यातून आशियाई-आफ्रिकी प्लाझ्मा प्रशिक्षण संघटना स्थापन झाली.

आता या यंत्राचा ताळेबंद मांडू. एका विसर्गात साधारणपणे १० कोटी न्यूट्रॉन मिळतात. संख्या मोठी वाटते. पण त्यांच्याशी निगडित संमीलन ऊर्जा एका ज्यूलच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास भरते. घातलेली ऊर्जा तिच्या सुमारे तीन कोटी पट असते. यंत्र मोठे केल्यास ही दरी भरून निघेल काय? छोट्या यंत्रांत साठविलेली ऊर्जा दुप्पट केली की न्यूट्रॉनांची संख्या जवळजवळ चौपट होते, हे खरे. परंतु शेकडो किलोजूलच्या पातळीवर ही वाढ मंदावते, असे अनुभवास आले आहे. शिवाय यातील बरेचसे न्यूट्रॉन सर्व वायू समान तापल्यामुळे नव्हे, तर वेगवान आयनांचे झोत इतर केंद्रकांवर आदळल्यामुळे निर्माण होतात. म्हणून या यंत्रातून उद्या वीज मिळेल, असे कोणी सांगितल्यास ते आकडेमोडीच्या कसोटीवर तपासून घ्यावे.

मग हा खर्च व्यर्थ काय? माझे उत्तर नकारार्थी आहे. कोणत्याही गुंतवणुकीचा परतावा तिच्या खऱ्या उत्पादनावरून मोजला पाहिजे, आणि या यंत्राचे पहिले उत्पादन वीज नसून प्रशिक्षित मनुष्यबळ हे आहे. उच्च विद्युतदाब, निर्वात तंत्र, नॅनोसेकंदांतील मोजमाप आणि किरणोत्सारापासून सुरक्षितता या चारही गोष्टी विद्यार्थी एकाच टेबलावर स्वतःच्या हातांनी शिकतो. दुसरे उत्पादन उपयोजनांचे. दिल्लीत या यंत्रातील आयनांचा उपयोग पदार्थांच्या पातळ थरांवरील संशोधनासाठी झाला. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अल्पावधीच्या न्यूट्रॉन-स्रोताच्या दृष्टीने अशी यंत्रे विकसित केली.

मोठे प्रकल्प अनावश्यक आहेत, असा याचा अर्थ नव्हे. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ साली 'आदित्य' हे टोकामॅक यंत्र कार्यान्वित झाले नसते, तर ईटरमधील आपला सहभाग इतका समर्थ झाला नसता. परंतु अशा संस्थांना माणसे विद्यापीठेच पुरवितात. निधीचे वाटप करताना शिखराकडेच लक्ष राहिले आणि पायथ्याच्या प्रयोगशाळेतील निर्वात पंपाच्या दुरुस्तीलाही पैसा उरला नाही, तर शिखर फार काळ टिकत नाही.

उत्तर लिहिताना म्हणूनच तीन प्रश्न वेगळे ठेवावेत : संमीलन घडले काय, घातल्यापेक्षा अधिक ऊर्जा मिळाली काय, आणि ती परवडणाऱ्या दरात ग्राहकापर्यंत पोहोचेल काय? पहिल्याचे होकारार्थी उत्तर छोट्या विद्यापीठालाही स्वतःच्या प्रयोगातून देता येते. दुसऱ्याचे उत्तर वीजमापकापासून हिशेब केल्यास अद्याप नकारार्थी आहे. तिसऱ्याचे उत्तर शोधण्याची जबाबदारी तुमच्या पिढीवर आहे; उद्या तुम्ही प्रशासनात निधीच्या प्रस्तावांवर शेरे लिहाल, तेव्हा हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळू देऊ नका.