बारीक माणसाचं लिव्हर

उलवे, पनवेल, उरण पट्ट्यात दवाखाना चालवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षाने मोठ्या विषयावर बोलावं असा संकेत आहे. मी सोनोग्राफीच्या रिपोर्टातल्या एका ओळीवर बोलणार आहे: ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’. ही ओळ इतक्यांदा समोर येते की आपण ती वाचेनासे झालो आहोत. पेशंटने विचारलंच तर ‘तेलकट कमी करा’ म्हणायचं आणि पुढचा नंबर बोलवायचा. पेशंट बारीक आणि दारूला न शिवणारा असेल तर तेवढंही नाही.

लिव्हर बिघडतं ते दारूने, चरबी चढते ती जाड्या माणसाला, ही समजूत आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे. तिला पहिला मोठा धक्का आपल्या पुण्यातून बसला. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोन डॉक्टरांचा शेजारी-शेजारी उभा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाट्यावर जुळी भावंडं, कातडीखाली दोन वेगळे देश.

याज्ञिकांच्या गटाने त्याआधीच, १९९३ पासून, पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला होता. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळाचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पाठीवरच्या चिमटीत येणारी चरबी मात्र जवळपास टिकलेली. म्हणजे ‘बारीक पण चरबीदार’ हा साचा आईच्या पोटातच पडतो. पुढे २००६ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी सडपातळ, धडधाकट भारतीय वंशाचे पुरुष तपासले. गोऱ्या पुरुषांच्या तुलनेत त्यांच्या लिव्हरमध्ये सुमारे दुप्पट चरबी निघाली आणि इन्सुलिनला दाद न देणारे कितीतरी जास्त.

असं का होतं, हे या भातपिकाच्या मुलखात सांगायला सोपं आहे. कातडीखालची चरबी ही कणगी. आपली कणगी लहान. ती लवकर भरते आणि उरलेलं ओसरीत सांडतं. ती ओसरी म्हणजे लिव्हर.

आता बाई आणि पुरुष. पाळी सुरू असेपर्यंत इस्ट्रोजेन चरबीला मांड्या-नितंबांकडे वळवतं, म्हणून तरुण वयात हा आजार पुरुषांत जास्त. पण हाही नियम सगळीकडे सारखा नाही. अमेरिकेत डॅलसच्या २००४ च्या अभ्यासात लॅटिन वंशाच्या ४५ टक्के, गोऱ्या ३३ टक्के आणि कृष्णवर्णीय २४ टक्के लोकांच्या लिव्हरमध्ये जादा चरबी सापडली. गोऱ्यांमध्ये पुरुष ४२ टक्के, बायका २४. उरलेल्या दोन्ही गटांत स्त्री-पुरुष असा फरक जवळजवळ नव्हताच. चार वर्षांनी त्याच शहरातून पीएनपीएलए३ या जनुकातला बदल पुढे आला आणि वंशांमधल्या तफावतीचा काही भाग उलगडला. सगळा नव्हे. त्यामुळे उद्या कुणी ‘आगरी लिव्हर’, ‘गुजराती लिव्हर’ अशी लेबलं चिकटवायला निघाला तर त्याला आधी कंबर मोजायला लावा.

पाळी गेली की बाईचं संरक्षण ओसरतं. पन्नाशीनंतर तिच्या लिव्हरमध्ये फायब्रोसिस, म्हणजे व्रणाचा कडकपणा, वाढण्याचा धोका पुरुषापेक्षा जास्त दिसतो. आणि नेमकी हीच बाई आपल्याकडे नवऱ्याची फाइल धरून येते, स्वतःची कधीच नाही.

उलव्याबद्दल बोलल्याशिवाय मला उतरता येणार नाही. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली. भातखाचरं, मिठागरं गेली. १९८४ मध्ये जासईला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या शेतकऱ्यांच्या लढ्यात रक्त सांडलं, त्यातून जमिनी गेलेल्यांना साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळाले. ज्या आजीने चिखलात वाकून लावणी केली, तिची नात आज बामणडोंगरीला ट्रेन पकडून दिवसभर खुर्चीत बसते. ताटातला भाताचा ढीग मात्र लावणीच्या दिवसांतलाच. टंचाईतल्या पिढ्यांनी घडवलेलं शरीर आणि सुबत्तेतला दिनक्रम यांची गाठ इथे एकाच घरात पडते. लिव्हरवर याचा ताण येणारच.

मग करायचं काय? समजा, बावन्न वर्षांच्या बाई आहेत. एएसटी ४८, एएलटी ३६, प्लेटलेट एक लाख ऐंशी हजार. एकेक आकडा पाहिला तर आपण ‘किरकोळ आहे’ म्हणू. आता वय गुणिले एएसटी, २,४९६. प्लेटलेट हजारांत, १८०, गुणिले एएलटीचं वर्गमूळ ६, म्हणजे १,०८०. भागाकार २.३. हा फिब-४, फायब्रोसिसचा अंदाज देणारा आकडा. तो १.३ च्या वर गेला की फायब्रोस्कॅनला पाठवायचं. या हिशेबाला एक पैशाचा जादा खर्च नाही. आकडे फाइलीत आधीच पडलेले असतात.

बारीक पेशंट विचारतो, ‘मी आणखी काय कमी करू?’ हाँगकाँगच्या २०१८ च्या अभ्यासात लठ्ठ नसलेल्यांना तीन ते पाच टक्के वजन घटवूनही गुण आला. साठ किलोच्या माणसाला दोन-तीन किलो. हे जमण्यासारखं आहे, हे त्याला आकड्यात सांगा.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये हा आजार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला, २०२३ मध्ये जगाने त्याचं नाव बदललं. नावाचं राहू द्या. टेबलाच्या खणात शिंप्याची टेप ठेवा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर, बाईची ८०, याच्या वर गेली की वजनकाटा काय म्हणतो ते ऐकू नका. आणि उद्या सकाळी नवऱ्याची फाइल घेऊन जी पहिली बाई येईल, तिला म्हणा, ‘ताई, आता तुम्ही बसा.’