भंगारातला संगणक आणि आपली मुलं



गिरणीत साचा बंद पडला म्हणून कोणी तो लगेच भंगारात घालत नाही. पार्ट बदलतात, तेल घालतात, चालवतात. ऑफिसातल्या संगणकाचं मात्र तसं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी कंपनीने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली आणि धडधाकट यंत्रं जुनी ठरली. त्यातली हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी, रॅमची टोकं साध्या खोडरबरने पुसावीत, फुकट मिळणारं लिनक्स टाकावं. मराठी टाइप होतं, अर्ज भरता येतो. (आधीच्या मालकाची माहिती तेवढी पुसून टाका, नाहीतर उपकार अंगाशी यायचा.)

बाबासाहेबांनी १९५० साली याच शहरात कॉलेज काढलं, तेच आपलं मिलिंद. आता कॉलेज जवळ आहे, अर्ज लांब आहे. शिष्यवृत्ती महाडीबीटीवरच भरायची. आमच्या मुलीचा अर्ज आम्ही दुकानात भरला. मोबाईल नंबर दुकानदाराचा पडला. त्रुटी निघाल्याचा निरोप त्याच्याकडे गेला, मुदत टळली, त्या वर्षाचे पैसे बुडाले. त्याला काय बोलणार? पडद्यावर काय लिहिलंय, ते आम्हीच वाचलं नव्हतं.

२००१ पासून एमएस-सीआयटी आहे, पण तिची फी रोजंदारीवाल्याला जड जाते. जुनी यंत्रं मागून मिळतील. विहारात रोज संध्याकाळी तासभर शिकवायला कोण बसणार, ते सांगा. कॉलेजातल्या मुलींनी आजच नावं द्यावीत. आणि आधी आयांना बसवा. पोरगं एकदा बसलं की माऊस सोडत नाही.