आखूड झालेलं आतडं

प्रौढ माणसाचं लहान आतडं साधारण ६ मीटर लांब असतं. पीळ पडून किंवा रक्तपुरवठा तुटून त्यातलं बरंचसं काढावं लागलं आणि २ मीटरपेक्षा कमी उरलं, तर खाल्लेलं अंगी लागत नाही, जुलाब थांबत नाहीत. पण उरलेला तुकडा हातावर हात ठेवून बसत नाही. शस्त्रक्रियेनंतर एकदोन दिवसांतच त्याच्या अस्तरातल्या पेशी भराभर वाढू लागतात. मखमलीच्या लवेसारखे आतले सूक्ष्म उंचवटे लांबतात, नळी रुंदावते, शोषणाची जागा वाढते. हे काम वर्ष-दोन वर्षं चालतं.

गंमत म्हणजे त्यासाठी आतड्यातून अन्न जावंच लागतं. नुसतं शिरेतून पोषण दिलं तर जीव तगतो, अस्तर मात्र रोडावतं. बायपास करून बाजूला ठेवलेल्या भागाचंही तेच होतं. म्हणूनच डॉक्टर रुग्णाला शक्य तितक्या लवकर थोडंथोडं खायला लावतात.

पाण्याचं मात्र उलटंच! मोठं आतडंही निकामी असेल, तर तांब्याभर साधं पाणी पिऊन शरीरातलं मीठच वाहून जातं. तिथे डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणातलं मीठ-साखरेचं पाणी हवं. मोठं आतडं शाबूत असलं तर निम्मी लढाई सोपी. न पचलेल्या पिष्टमय अन्नापासून तिथले जिवाणू आम्लं बनवतात आणि शरीर त्यांतून ऊर्जा मिळवतं.

लहान आतड्याच्या शेवटच्या भागाची उणीव मात्र भरून निघत नाही. बी-१२ जीवनसत्त्व तिथेच शोषलं जातं. तो भाग गेला की बहुधा इंजेक्शनं आयुष्यभर.