यंत्राला वाचता येते म्हणजे काय?



कामगार चळवळीतल्या माणसाने संगणकाविषयी काय बोलावे, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. आम्ही या विषयाचे पदवीधर नव्हे. जे शिकलो ते गरजेपोटी, पुस्तके चाळून आणि जाणत्या पोरांना विचारून. ती गरज कशी पडली तेवढे आधी सांगतो.

२०२४ साली एका कारखान्यात निवृत्त होणाऱ्या कामगारांची यादी लागली. आमच्या एका सोबत्याची ५८ वर्षे पुरी झाली होती, पण यादीत त्याचे नाव नव्हते. तो टाइम ऑफिसात चौकशी करून आमच्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, मशीन म्हणतंय, माझा जन्मच अजून व्हायचाय!" आम्हाला हसू आले, त्याला येत नव्हते. ग्रॅच्युइटीच्या भरवशावर त्याने घराची डागडुजी काढली होती आणि कचेरी उलट त्याच्याकडेच जन्माचा दाखला मागत होती. कागद तर चोख होता. जुन्या सेवापत्रकावर '१४/०३/६६' असे स्वच्छ अक्षरात लिहिलेले होते. आम्ही सगळी नोंदवही पडताळली, तेव्हा एक विलक्षण गोष्ट आढळली. १९६८ पर्यंत जन्मलेल्या सगळ्यांचे साल चुकले होते आणि १९६९ पासून पुढच्यांचे बिनचूक होते. चुकीलाही नियम होता!

हा नियम कोठून आला? त्यासाठी यंत्र वाचते म्हणजे काय करते, हे पाहिले पाहिजे. '१४/०३/६६' असे पाहिले की आपण म्हणतो, ही तारीख. यंत्राला ती केवळ आठ चिन्हांची एक ओळ दिसते. तिच्यातून दिवस, महिना आणि साल वेगळे काढायचे तर त्याच्या हाती एक साचा द्यावा लागतो. जुना मनीऑर्डरचा फॉर्म आठवा. काही शब्द छापलेले आणि मध्ये मोकळ्या जागा. साचा तसाच असतो. काही चिन्हे जशीच्या तशी जुळली पाहिजेत, आणि मोकळ्या जागी काय यावे हे खुणेने सांगितलेले असते.

ही कल्पना जुनी आहे. १९५७ साली आयबीएम कंपनीने फोर्ट्रान ही भाषा बाहेर काढली, तिच्यात 'फॉरमॅट' नावाचे विधान होतेच. ८० रकान्यांच्या भोके पाडलेल्या कार्डावर कोणत्या रकान्यापासून कोणत्या रकान्यापर्यंत कोणता आकडा आहे, हे ते विधान सांगे. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी सी भाषा घडवली. तिच्यातल्या 'स्कॅनएफ' या सोयीत टक्क्याचे चिन्ह आणि पुढे 'डी' हे अक्षर लिहिले की त्याचा अर्थ 'येथे एक पूर्ण संख्या वाच'. संख्या, तिरकी रेघ, संख्या, तिरकी रेघ, संख्या असा साचा दिला की आपली तारीख तीन तुकड्यांत हाती येते. किती सुटसुटीत!

पण साचा हा करार आहे, आणि करारात लिहिले असेल तेवढेच यंत्र पाळते. रकमेच्या जागी '१,२५,०००' लिहिले, तर संख्येची खूण पहिल्या स्वल्पविरामाशी थांबते आणि सव्वा लाखाचा एक रुपया होतो. तारखेत तिरक्या रेघेऐवजी आडवी रेघ आली, तर दिवस वाचून यंत्र तेथेच अडते. मात्र ते लबाड नाही. किती जागा भरल्या तो आकडा ते परत देते: तीन मागितल्या, एक मिळाली. तो आकडा पाहणे प्रोग्राम लिहिणाराचे काम. त्याने पाहिला नाही, तर आधीच्या माणसाचा महिना आणि साल पुढच्याच्या नावावर तसेच राहू शकतात.

आता आमच्या सोबत्याकडे वळू. तारखा वाचण्यासाठी 'स्ट्रपटाइम' नावाची वेगळी सोय आहे. तिच्यात मोठ्या लिपीतला 'वाय' म्हणजे चार आकडी साल आणि लहान 'वाय' म्हणजे दोन आकडी. दोन आकड्यांवरून शतक कसे ठरवावे? संकेत असा केला गेला की ६९ ते ९९ म्हणजे १९६९ ते १९९९, आणि ०० ते ६८ म्हणजे २००० ते २०६८. तेव्हा आमचा सोबती २०६६ साली जन्मणार, हे यंत्राच्या हिशेबी बरोबरच होते! संकेत वाईट नाही; कोठेतरी रेघ ओढावीच लागते. पण त्या रेघेच्या पलीकडे जिवंत माणसे उभी आहेत, हे पाहणारे कोणी नव्हते.

याहून घातक चूक मुकी असते. अमेरिकेत महिना आधी लिहितात. त्या साच्यात '१४/०३' घातले, तर चौदावा महिना नसल्यामुळे यंत्र निदान तक्रार करते. परंतु '०५/०६' घातले, तर पाच जूनचा सहा मे होतो आणि कोणी चकार शब्द काढत नाही. हा घोळ टळावा म्हणूनच १९८८ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने, आयएसओ ८६०१ ने, आधी चार आकडी साल, मग महिना, मग दिवस असा क्रम घालून दिला.

आमच्या सोबत्याची नोंद शेवटी दुरुस्त झाली. मूळ पत्रके पुढे ठेवून साल चार आकड्यांत भरून घ्यावे लागले. त्यात चार महिने गेले. तोवर पावसाळा आला आणि घर उघडेच राहिले.

म्हणून आम्ही आता करारनाम्याच्या वाटाघाटीत तीन गोष्टी मागतो. नोंद कोणत्या साच्यात करायची ते फॉर्मवरच छापा. साल चार आकडी घ्या. आणि जी ओळ साच्यात बसत नाही ती अंदाजाने भरू नका, बाजूला काढून माणसाला दाखवा. यात यंत्राला विरोध नाही. रेशन, पेन्शन, बँक, दवाखाना, कोठेही गेलात तरी आपले आयुष्य आता अशाच एकेका ओळीत बसवले जाते. ओळ चुकीची वाचली गेली, तर 'तुमचाच पुरावा आणा' हे उत्तर निमूटपणे ऐकून घेऊ नका. 'तुमचा साचा दाखवा' असे विचारा. तो आपला हक्क आहे.