पिंजऱ्यातला प्रवास



हिवाळ्यात आंब्याच्या किंवा करंजाच्या पानांतून किडे टिपणारा, चिमणीहून लहान असा हिरवट पक्षी तुम्ही पाहिला असेल. तो पर्णवटवट्या. उत्तरेकडून आलेला पाहुणा. त्याच्याच जर्मनीतील दोन भाऊबंदांविषयी आज मी बोलणार आहे.

एकाचे नाव फितिस, दुसऱ्याचे त्सिल्पत्साल्प. हा दुसरा जणू आपलेच नाव घेत गातो, म्हणून लोकांनी त्याला ते नाव दिले. दोघांचे वजन जेमतेम आठ-नऊ ग्रॅम. रूप इतके सारखे, की गाणे ऐकल्याशिवाय जाणकारही चटकन ओळखत नाहीत. पण थंडी जवळ आली, की त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. त्सिल्पत्साल्प बहुधा भूमध्य समुद्राच्या आसपास थांबतो. फितिस मात्र सहारा वाळवंट ओलांडून पलीकडच्या आफ्रिकेत जातो. त्याचे पंख लांब व टोकदार, तर जवळ थांबणाऱ्याचे आखूड व गोलसर असतात.

फितिसची तुलना घारीशी केली असती, तर शंभर फरक सापडले असते आणि कोणता कशामुळे, हे कळले नसते. येथे पूर्वज एक, खाणे एक, रूपही जवळजवळ एकच. त्यामुळे जो फरक उरतो, त्याचा संबंध प्रवासाशी जोडता येतो.

फरक केवळ पंखांत आहे काय? बव्हेरियातील आंडेक्स येथे माक्स प्लांक संस्थेत एबरहार्ट ग्विनर यांनी याचा शोध घेतला. त्यांनी फितिस पक्षी पिंजऱ्यात ठेवले. तेथे रोज बारा तास उजेड, बारा तास अंधार आणि तापमान कायम सारखे. ऋतू कळायला साधनच नाही! तरीही स्थलांतराचा काळ येताच पक्षी रात्री पंख फडफडवू लागले. १९६८ साली ग्विनर यांनी दोन्ही जातींच्या या तगमगीची तुलना प्रसिद्ध केली. फितिसची तगमग अधिक काळ टिकत होती. म्हणजे लांबच्या प्रवासाचे वेळापत्रक त्याच्या अंगातच होते.

आता प्रश्न आहे तो परतीचा. त्सिल्पत्साल्प मार्चमध्ये परततो, फितिस एप्रिलमध्ये. हवामान तापू लागल्यापासून युरोपात पालवी लवकर फुटते आणि तिच्यावरच्या अळ्याही लवकर येतात. जवळ असलेल्याला उबेचा अंदाज घेऊन लवकर निघता येते. सहाराच्या पलीकडे बसलेल्या फितिसला जर्मनीतल्या पालवीची खबर कशी लागणार? त्याला आपल्या अंगातल्या घड्याळावरच निघावे लागते. ते घड्याळ पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून बसलेले आहे, आणि पुढे सरकायलाही त्याला पिढ्याच लागतील.