‘भरला असणार’ की ‘भरायला हवा होता’?

बचत गटाच्या बैठकीत आता आपल्यापुढे इंग्रजी कागदही येतात. कधी बँकेचं पत्र असतं, कधी मोबाइलवरचा मेसेज. अक्षरं वाचता येतात, पण अर्थ निसटतो. म्हणून आज घडून गेलेल्या गोष्टींबद्दल बोलणारी चार इंग्रजी रूपं बघू. उदाहरण आपल्या रोजच्या कामातलं, कर्जाच्या हप्त्याचं.

‘शी शुड हॅव पेड’ म्हणजे तिनं हप्ता भरायला हवा होता. याचा अर्थ बहुतेक वेळा तिनं तो भरलेला नाही आणि बोलणारा तिला दोष देतोय.

‘शी मस्ट हॅव पेड’ म्हणजे तिनं हप्ता भरला असणार. इथं आपण हमखास फसतो. शाळेत ‘मस्ट’ म्हणजे ‘केलंच पाहिजे’ असं पाठ केलेलं असतं. पण इथं सक्ती नाही, जवळजवळ खात्रीचा अंदाज आहे. पावती समोर नाही, तरी ती हप्ता चुकवणारी नाही, असा भरवसा त्यात आहे. ‘भरावाच लागला’ म्हणायचं असेल तर ‘शी हॅड टु पे’.

‘शी माइट हॅव पेड’ म्हणजे भरला असेल, नसेलही. अंदाज आहे, पण खात्री नाही.

‘शी कुड हॅव पेड’ म्हणजे बहुतेक वेळा, तिला भरता आला असता, पण भरला नाही. कधीकधी याचाही अर्थ ‘भरला असेल’ असा होतो. मागचंपुढचं वाक्य वाचून ठरवायचं.

बघा, बाई तीच, हप्ता तोच. पण ‘मस्ट’च्या जागी ‘शुड’ समजलं, तर हप्ता भरलेल्या बाईवर विनाकारण ठपका येतो. गटात पैशाइतकाच विश्वासही सांभाळावा लागतो. त्यामुळे कागद वाचून कुणाला बोल लावण्याआधी हा शब्द पुन्हा बघायचा आणि पासबुकाशी ताडून घ्यायचा.

लिहिताना दोन गोष्टी ध्यानात ठेवू. ‘आय’ असो की ‘शी’, या शब्दांपुढे ‘हॅव’च येतं, ‘हॅज’ नाही. बोलण्याच्या ओघात ते ‘ऑफ’सारखं ऐकू येतं, तरी लिहायचं ‘हॅव’च. आणि त्यापुढे क्रियापदाचं तिसरं रूप: गो, वेन्ट, गॉन यातलं ‘गॉन’.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या कामातलं एकेक वाक्य या चारही रूपांत म्हणून बघायचं. करूया ना?