गुणवत्तेची उलटतपासणी



व्यापार व व्यवस्थापन यांचे उच्च शिक्षण देणाऱ्या संस्थांत राखीव जागा ठेवल्याने गुणवत्तेची हानी होते, असे वारंवार सांगण्यात येते. मी वकील आहे; म्हणून या विधानाची उलटतपासणी घेणे माझे कर्तव्य समजतो.

पहिली साक्ष इतिहासाची. १९१८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. कोलंबिया विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ होती. तरीही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातील पाणी त्यांनी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. गुणवत्ता हीच कसोटी असती, तर ही हरकत निघालीच नसती.

दुसरी साक्ष प्रवेशाच्या रीतीची. भारतीय व्यवस्थापन संस्थांची ‘कॅट’ ही परीक्षा इंग्रजीचे आकलन, तर्क व गणित तपासते. पुढे मुलाखत असते. ज्याच्या घरी इंग्रजी दोन पिढ्या नांदते आहे आणि ज्याला शिकवणीचे शुल्क परवडते, तो मुलगा. आणि घरातील पहिलीच पदवीधर झालेली मुलगी. दोघांना वेळ तेवढाच, प्रश्न तेच. मात्र एकाचे वडिलार्जित भांडवल त्याच्या कर्तृत्वाच्या खाती जमा होते, आणि दुसरीचे कष्ट कोणत्याच खाती मांडले जात नाहीत. हा हिशेब खोटा आहे.

तिसरी साक्ष सर्वोच्च न्यायालयाची. वैद्यकीय प्रवेशासंबंधीच्या २०२२ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, परीक्षेतील गुणांवरून काही वर्गांना मिळालेले सामाजिक, आर्थिक व सांस्कृतिक लाभ दिसून येत नाहीत. जे वैद्यकाला लागू, ते व्यापारशिक्षणालाही लागू आहे.

म्हणून राखीव जागा ही भीक नव्हे. २००६ च्या कायद्याने या केंद्रीय संस्थांत अनुसूचित जातींसाठी शेकडा १५ जागा राखल्या आहेत. बौद्ध झाल्याने हा हक्क जातो, ही भीती मनातून काढून टाका. १९९० च्या कायद्याने तो बौद्धांनाही मिळाला आहे. मात्र मूळ जातीची नोंद असलेला दाखला वेळेवर काढून ठेवा. मोठ्या संस्थांचे शुल्क वीस लाखांच्या वर गेले आहे. तेव्हा केंद्र शासनाच्या शिष्यवृत्तीची चौकशी प्रवेशाआधीच करा.

आजवर आपण दुसऱ्यांच्या पेढ्यांवर राबलो. आता पेढी चालविण्याची विद्या आपल्या मुलामुलींनी घ्यावी. कोणी गुणवत्तेचा दाखला मागितला, तर त्यांनी मान खाली घालू नये. त्याच्या भांडवलाचा हिशेब मागावा.